न झालेल्या मैफलीचं परीक्षण

हुबळीच्या कमरीपेठेतल्या माळवद्यांच्या दुकानात ‘शिट्टी’ हा शब्द शिवीसारखा होता. माईक भोंग्याच्या तोंडासमोर गेला, की भोंगा कानात दाभण घातल्यासारखा किंचाळतो, ती शिट्टी. बाळकृष्ण माळवद्यांनी उभा जन्म लग्नं, जत्रा, गणपती आणि निवडणुकीच्या सभा यांना भोंगे पुरवले, आणि त्यांची प्रतिज्ञा एकच होती, आपल्या माईकला शिट्टी होऊ द्यायची नाही. ‘‘मांडवात माईकवाला आहे हे कुणाला कळता कामा नये,’’ ते म्हणायचे. ‘‘शिट्टी झाली की सगळ्या माना आपल्याकडं वळतात. मग गेली इज्जत.’’

त्यांची धाकटी मुलगी योगिता हिला नेमकी ती शिट्टीच आवडायची.

माळवदे मूळचे निपाणीकडचे. आजोबा हुबळीच्या बाजारात आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही, अशी या घराची रीत. योगिता शाळेत असताना सुट्टीत अप्पांबरोबर मांडवात जायची, वायरी गुंडाळायची. उणकलच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजी माईक हातात धरून मागं वळले आणि भोंगा असा ओरडला, की नवरदेवानं हातातला हार सोडून कान धरले. अप्पा धावले. योगिता मात्र तोंड उघडं टाकून उभी होती. आत्याला वाटलं पोर भ्यायली, तिनं पाठीवर धपाटे घालून पाणी पाजलं. पोर भ्यायली नव्हती. तिला त्या किंचाळण्यात एक लांब, सरळ सूर ऐकू आला होता. गाणाऱ्या माणसाला मध्ये श्वास घ्यावा लागतो, या सुराला लागत नव्हता.

पुढं डीजेचे बॉक्स आले आणि भोंग्यांचे दिवस संपले. थोरला भाऊ किरण यानं दुकानाच्या अर्ध्या भागात दिव्यांचं आणि पंख्यांचं सामान मांडलं. अप्पांचा डावा कान गेला होता. जन्मभर भोंग्याशेजारी बसलेल्या माणसाचा जायचाच. पॉलिटेक्निक झालेली योगिता उरलेल्या अर्ध्या भागात बसून गावभरचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करू लागली. लग्नाचं विचारायला येणाऱ्यांना ती एवढंच सांगायची, ‘‘मला आवाज चालतो, फक्त माणसाचा सतत नको.’’ हळूहळू विचारणारे थांबले.

साथीच्या वर्षी सगळे मांडव बंद पडले, दुकानाला काम उरलं नाही. तेव्हा योगितानं मागच्या गोदामातले जुने पत्र्याचे भोंगे माळ्यावरून खाली काढले. एक भिंतीकडं, एक छपराकडं, एक आपल्याकडं तोंड करून ठेवला, हातात माईक घेतला आणि त्यांच्यामध्ये चालायला लागली. हात जरा वर नेला की सूर चढे, पाऊल मागं घेतलं की खाली येई. पत्र्याला पोचा पडलेला भोंगा घोगरा बोले, धड राहिलेला बारीक. महिनाभरात तिला कळायला लागलं, कुठं उभं राहिलं की कोण काय बोलणार. अप्पा दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, ‘‘जन्मभर जे दाबलं तेच तू पाळायला घेतलंस,’’ आणि चांगला कान हातानं झाकून निघून गेले. पण गोदामाची किल्ली त्यांनी मागितली नाही.

मांडव पुन्हा उभे राहिले तेव्हा हणमंत आला. अळणावरकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, रायापूरच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा. गावच्या जत्रेचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन आला आणि मागून येणारा आवाज ऐकून विचारू लागला, ‘‘अक्का, ह्येला कोण मारतंय?’’ त्याला हलगी येत होती. लोक हलगी जाळावर तापवून कडक करतात. यानं ती ओली करून, सैल ठेवून, माईकच्या तोंडाशी धरून वाजवली. प्रत्येक थापेला शिट्टी मोडायची आणि पुन्हा उगवायची. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि वाजवत बसण्यासाठी त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं.

तिसरी पूजा. उणकलच्या नव्या वसाहतीत राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. धारवाडात पुष्कळ वर्षं गाणं शिकलेली आणि ‘‘तुझा आवाज फाटका आहे, सूर धरून ठेवत नाही’’ असं गुरूंनी सांगितल्यावर तंबोरा गवसणीत घालून ठेवलेली. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा माईक ठरवायला आली आणि गोदामातल्या त्या सुराला सूर लावून बसली. तिचा आवाज शिट्टीच्या अगदी जवळ गेला, पण एक झाला नाही, तेव्हा दोघांच्या मध्ये हवेत लाटा उठायला लागल्या, जवळजवळ छातीत जाणवतील अशा. पूजा हसायला लागली. ‘‘फाटका आहे म्हणूनच होतंय हे,’’ ती म्हणाली.

बँडचं नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता. शिट्टी.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या सभागृहात झाला. निम्मी मुलं निघून गेली, उरलेली निम्मी संपल्यावरही जाईनात. त्याची पहिली बातमी एका कन्नड दैनिकाच्या स्थानिक पानावर आली. फोटो प्राचार्यांचा. मजकूर दोन ओळी, आणि नाव छापलं होतं ‘शेट्टी बँड’. पुढचा आठवडाभर दुकानात फोन येत होते, वरातीला किती माणसं आणता, ‘पिपाणी’ वेगळी सांगायची का. हणमंतानं एका नवरदेवाच्या मामाला जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं.

दुसरा लेख बंगळुरूच्या एका संगीताच्या वेबसाइटवर आला, भलामोठा. संदीप नावाच्या पत्रकारानं फोनवर तिघांशी तासभर बोलून तो लिहिला होता. त्यानं स्तुती केली होती आणि ती वाचून योगिताचं डोकं फिरलं. लेखात हणमंत हा बँडचा नायक होता. ‘कोरडवाहू मातीचा आक्रोश हलगीतून मांडणारा लोककलावंत,’ आणि त्याला ‘साथ देणाऱ्या दोन महिला’. त्यातली एक ‘साध्या माईकवाल्याची मुलगी’, दुसरी ‘शिक्षिका’. नावं शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

‘‘माती कुठली आक्रोश करतीया?’’ हणमंत म्हणाला. ‘‘आमच्याकडं भात हाय. आन मी दिवसभर फोर्कलिफ्टवर असतो.’’

योगितानं संदीपला फोन लावला.

‘‘अहो अक्का, पण लेख चांगला गेलाय,’’ तो म्हणाला. ‘‘लोकांना हणमंताची स्टोरी भिडली.’’

‘‘ती हणमंताची नाही. हणमंताला विचारा.’’

‘‘थोडं इकडं तिकडं होतं. तुमचं नाव तर झालं ना?’’

‘‘माझं कुठं झालं? आणि माझे वडील साधे नाहीत. तुम्ही आमचं वाजवणं ऐकलंय का?’’

‘‘तुम्ही पाठवलेली क्लिप बघितली. सुरुवातीची.’’

‘‘मग सुरुवातीचंच लिहायचं,’’ योगिता म्हणाली आणि फोन ठेवला. एका महोत्सवाचं बोलावणं त्या लेखामुळं आलं होतं, ‘हणमंत आणि मंडळी’ या नावानं. तिघांनी मिळून नाही म्हणून कळवलं. किरण संतापला. ‘‘लोक देव देव करतात एवढ्यासाठी,’’ तो म्हणाला, ‘‘आणि तुला नावाचं पडलंय.’’

‘‘नावाचं नाही, दादा. जे नाही ते आहे म्हणून मिरवायचं नाही मला.’’

यानंतर घडलं ते धारवाडात.

धारवाड म्हणजे गाण्याचं गाव. तिथला भाजीवालाही तानेला मान डोलावतो म्हणतात. तिथल्या एका सभागृहात शिट्टीचा कार्यक्रम ठरला, शनिवारी संध्याकाळी. भोंगे, हलगी, पूजाचं गाणं असं सगळं सांगणारी पत्रकं आधीच वाटून झाली. शनिवारी दुपारी टेम्पोतून भोंगे उतरत असतानाच विश्वस्तांपैकी एक जण आले आणि म्हणाले, परवानगी रद्द झाली आहे, तक्रारी आल्या आहेत, या वास्तूत मोठमोठे लोक गाऊन गेले, तुम्ही समजून घ्या. योगिता वाद घालत राहिली, ते कुलूप लावत राहिले. पूजानं दारावर कागद चिकटवला, ‘आजचा कार्यक्रम होणार नाही’. तिघांनी पायऱ्यांवर बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली, आलेल्या थोड्याफार लोकांची माफी मागितली आणि भोंगे परत टेम्पोत चढवले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अप्पा दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत होते. ‘दैनिक सीमाप्रहर’ हा मराठी पेपर घरात वर्षानुवर्षं येत होता, त्याची रविवारची पुरवणी अप्पा अक्षर न सोडता वाचत. एकदम त्यांनी हाक मारली. ‘‘योगी! काल तुम्ही वाजवलं नाही म्हणालीस ना?’’

‘‘नाही. का?’’

‘‘मग हे काय?’’

पुरवणीत बाळाचार्यांचं परीक्षण होतं, ‘भोंग्यांचा धुमाकूळ’. बाळाचार्य म्हणजे साधं नाव नव्हतं. गेली कित्येक दशकं ते संगीतावर लिहीत होते, नवा गवई धारवाडात गायला की दुसऱ्या दिवशी आचार्यांनी काय लिहिलं ते बघायचा. त्यांनी लिहिलं होतं, की आरंभीच कर्कश शिट्टीनं श्रोत्यांच्या कानांवर हल्ला झाला. मग हलगीचा निरर्थक धबडगा झाला. पूजाबाईंनी लावलेला पंचम ढळला तो ढळलाच. सदोष यंत्रसामग्रीमुळं खरखर अखंड चालू होती. मध्यंतरानंतर सभागृहात केवळ खुर्च्या उरल्या.

योगितानं दोनदा वाचलं.

अप्पांचं लक्ष वेगळ्याच ओळीवर होतं. ‘‘सदोष यंत्रसामग्री?’’ ते उठून उभे राहिले. ‘‘माझा ॲम्प्लिफायर? खरखर? अरे, तो टेम्पोतून उतरलासुद्धा नाही! बरी सुळ्ळ! सगळं खोटं!’’ डाव्या कानानं काही न ऐकू येणारा तो म्हातारा रस्त्यावर येऊन शेजारच्या फुलवाल्याला पेपर दाखवायला लागला.

किरणनं समजावलं. ‘‘बाळाचार्यांशी वाकडं घेऊन काय मिळणार? गावात राहायचंय, धंदा करायचाय. चार दिवसांत लोक विसरतील.’’

पूजाच्या बाबतीत ते तोवर विसरण्यापलीकडं गेलं होतं. तिच्या जुन्या गुरूंनी ते वाचून कुणाकडं तरी ‘मी म्हटलंच होतं’ असं म्हटलं, ते तिच्या कानावर आलं. सोमवारी मुख्याध्यापिकेनं बोलावून विचारलं, हे तुम्हीच का. पूजा गोदामात येऊन रडली, आणि मग रडता रडता थांबून म्हणाली, ‘‘न लावलेला पंचम ढळतो कसा गं?’’

योगिता दुसऱ्या दिवशी धारवाडला गेली.

बाळाचार्यांचं घर स्वच्छ, पुस्तकांनी भरलेलं. ते स्वतः दार उघडायला आले, काठी टेकत. वागायला अतिशय सभ्य माणूस.

‘‘आचार्य, मी शिट्टी बँडची योगिता माळवदे. शनिवारी तुम्ही आला होतात?’’

‘‘बसा आधी. चहा घ्याल?’’

‘‘आला होतात का?’’

आचार्य खुर्चीत बसले. ‘‘गुडघा धरलाय पावसाळ्यापासून. आणि पुरवणी गुरुवारी छपाईला जाते. कार्यक्रम शनिवारी, परीक्षण रविवारी पाहिजे. तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं?’’

‘‘थांबावं.’’

आचार्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ‘‘बाई, आयुष्य गेलं माझं गाणं ऐकण्यात. फोडणीच्या वासावरून कळतं आमटी कशी आहे. प्रत्येक वेळी ओरपून बघावं लागत नाही.’’

‘‘चूलच पेटली नव्हती, आचार्य. कार्यक्रम झालाच नाही. सभागृहाला कुलूप लावलं त्यांनी.’’

आचार्यांना ते खरोखरच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. ‘‘झाला असता तर असाच झाला असता,’’ ते म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, ‘‘या गावानं जे गाणं जपलं, ते असंच जपलं गेलं नाही. कुणीतरी दारात उभं राहून सगळ्यांना आत येऊ दिलं नाही म्हणून ते टिकलं.’’

‘‘उभे राहा की दारात. पण कोण आलं ते बघून तरी हाकला. पूजाच्या शाळेत तिला विचारलं जातंय. खुलासा छापा.’’

‘‘मी खुलासा छापला तर आजवर लिहिलेल्या सगळ्यावर लोक बोट ठेवतील.’’

‘‘तो तुमचा प्रश्न,’’ योगिता म्हणाली आणि चहा न घेता उठली.

पेपरच्या संपादकानं फोनवर तोडगा सुचवला. वाचकांच्या पत्रव्यवहारात तीन ओळी देऊ, फक्त आचार्यांचं नाव नको आणि ‘खोटं’ हा शब्द नको. योगिता म्हणाली, ‘‘मग उरलं काय?’’

मग एके दिवशी भर दुपारी गोदामात तिघं बसले असताना योगितानं ते परीक्षण पुन्हा मोठ्यानं वाचलं. आरंभी शिट्टी. मग हलगी. मग पंचम, तो ढळतो. मग खरखर. मग रिकाम्या खुर्च्या. वाचता वाचता ती थांबली.

‘‘हे बरं लिहिलंय की,’’ ती म्हणाली. ‘‘भाग पाडून दिलेत. वाजवूया हे.’’

‘‘काय वाजवूया?’’ पूजानं विचारलं.

‘‘परीक्षण. जसं छापलंय तसं. कार्यक्रम झाला म्हणतात ना? मग होऊन जाऊ दे.’’

हणमंत मांडीवर थाप मारून हसला. पूजा हसली नाही. पेपर हातात घेऊन ती म्हणाली, ‘‘पंचम मी ढळवणार. माझ्या मनानं, मला पाहिजे तिथं, पाहिजे तेवढा.’’

सभागृह कुणी देईना. कमरीपेठेतल्या मंगल कार्यालयाची मालकीण शीतलअक्का हिनं दिलं. अधिक महिना होता, लग्नं नव्हती, हॉल रिकामाच पडला होता. आणि तिच्या लग्नात माईक अप्पांचा होता. तिघांनी पत्रकं काढली. वर आचार्यांचं परीक्षण पूर्ण, एक अक्षर न बदलता, आणि खाली ठळक: ‘ही मैफल झाली नव्हती. येत्या रविवारी दुपारी चार वाजता होईल.’ बाजारात, बसस्टँडवर, धारवाडच्या कॉलेजांपाशी चिकटवली. एक पत्रक योगितानं त्या कुलूप लावलेल्या दारावरही नेऊन लावलं. एक बाळाचार्यांच्या घरी दिलं, दार त्यांच्या सुनेनं उघडलं.

किरण म्हणाला, ‘‘पाच माणसं येणार नाहीत.’’ रविवारी त्याला स्वतःला उभं राहावं लागलं. कॉलेजची मुलं होती, पण बाजारही होता, फुलवाले, हमाल, भांडीवाले, शीतलअक्काचं भजनी मंडळ, हणमंताच्या गोदामातली पोरं. काही भांडण बघायला आले होते, काही फुकटात आहे म्हणून. अप्पा ॲम्प्लिफायरला बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. ‘‘खरखर मी देणार,’’ त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. ‘‘पण छापल्याप्रमाणं, ठरवून. यंत्र सदोष म्हणून नाही.’’

योगितानं माईक हातात घेऊन परीक्षणाचं पहिलं वाक्य वाचलं, माईक खाली केला आणि भोंग्यांच्या मध्ये शिरली.

पहिल्या शिट्टीला काही जण खरोखरच कान धरून उठून गेले. एक बाई ‘‘शिव शिव’’ म्हणत नातवाला ओढत घेऊन गेल्या. बाकीचे चुळबुळले. मग योगिताची पावलं हळूहळू सरकायला लागली आणि त्या किंचाळण्याला आकार आला. एका भोंग्यातून निघालेला सूर दुसऱ्यात जाऊन मोठा होऊन परत यायचा, छपराला लागून खाली यायचा. लोकांना दिसत होतं, की ही बाई नुसती चालते आहे आणि तिच्या चालण्यानं हॉल बोलतो आहे. हणमंतानं ओली हलगी सुरू केली. तो धबडगा होताच, पण त्यात फोर्कलिफ्टचे धक्के होते, जत्रेची पालखी नाचवणारा ठेका होता, आणि भजनी मंडळातल्या एका बाईचा हात मांडीवर कधी पडायला लागला तिला कळलं नाही.

योगितानं पुढची ओळ वाचली. ‘‘पूजाबाईंनी लावलेला पंचम ढळला तो ढळलाच.’’

पूजानं पंचम लावला. स्वच्छ, उभा. सगळा हॉल त्यावर टेकला. मग तिनं तो सोडला, एकदम नाही, भिंतीवरून पाण्याचा थेंब उतरावा तसा. शिट्टी जागेवर राहिली आणि पूजाचा सूर शिट्टीपासून दूर दूर जाताना मध्ये लाटा उठल्या, आधी संथ आणि इतक्या जड की खिडक्यांची तावदानं घरघरली, मग भरभर. जे करायला तिला जन्मभर मनाई होती ते ती सगळ्यांच्या डोळ्यांत बघून करत होती. अप्पांनी बटणावर बोट ठेवून, मान वाकडी करून, चांगला कान पुढं करून खरखर सोडली.

खरखर संपली. योगितानं शेवटची ओळ वाचली, ‘‘मध्यंतरानंतर सभागृहात केवळ खुर्च्या उरल्या.’’ आणि ती म्हणाली, ‘‘इथं तुम्ही उठून जायचं आहे. तसं छापलंय.’’

कुणी हललं नाही. मग भजनी मंडळातून एक म्हातारी म्हणाली, ‘‘छापलंय म्हणून आम्ही का उठायचं? आत्ता कुठं बसायला लागलोय.’’ हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्या झाल्या, पण उठलं कुणीच नाही. छापल्याबाहेरचं वाजवण्यासाठी योगिताकडं काही तयार नव्हतं. मग तिघांनी जे सुचेल ते वाजवलं, खूप वेळ, कधी चुकत, कधी सापडत.

गर्दी पांगल्यावर शेवटच्या रांगेत बाळाचार्य बसलेले दिसले, काठी गुडघ्यांत धरून. ते कधी आले कुणी पाहिलं नव्हतं. योगिता त्यांच्याकडं गेली.

‘‘मला आवडलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘डोकं दुखतंय.’’

‘‘चालेल. आता म्हणू शकता तुम्ही.’’

‘‘लिहिणार आहे मी.’’

‘‘लिहा. शेवटपर्यंत होतात ना?’’

आचार्य काठी टेकत उठू लागले. अप्पा पुढं आले आणि त्यांनी हात धरून आचार्यांना रिक्षापर्यंत नेलं, वाटेत ॲम्प्लिफायर कोणत्या सालचा आहे ते त्यांना ऐकवत.

पुढच्या रविवारी खरं परीक्षण आलं. कडक होतं. आचार्यांनी या प्रकाराला संगीत म्हणायचं नाकारलं, हलगीच्या भागाला ‘अकारण लांबलेला’ म्हटलं, आणि पूजाच्या सुराबद्दल एकच वाक्य लिहिलं, की सूर सोडायला आधी तो हातात असावा लागतो आणि तो या गायिकेच्या हातात होता. आधीच्या परीक्षणाबद्दल चकार शब्द नव्हता. हणमंत म्हणाला, ‘‘लांबलं होतं, खरं हाय,’’ आणि तो भाग त्यांनी कमी केला. बाकीचं योगितानं मान्य केलं नाही, पण त्यावर ती चिडलीही नाही. चिडली ती मौनावर. दर सोमवारी ती पेपरच्या हुबळीच्या कचेरीत जाऊन बसायला लागली, ते पत्रक हातात घेऊन. काही बोलायची नाही. पेपरवाले चहा द्यायचे, ती घ्यायची नाही. शेवटी एक दिवस बोअरवेलच्या जाहिरातीखाली दोन ओळी आल्या. अमुक तारखेच्या अंकात परीक्षण छापलेला कार्यक्रम ‘काही कारणानं’ झाला नव्हता. पूजानं ते कात्रण मुख्याध्यापिकेच्या टेबलावर नेऊन ठेवलं. योगितानं संपादकाला फोन केला. ‘‘काही कारणानं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कारण लिहा.’’ त्यांनी ते आजवर लिहिलेलं नाही, आणि सोमवारचं तिचं जाणं थांबलेलं नाही.

धारवाडच्या त्या सभागृहाचाही निरोप आला. नाव झालं होतं ना आता. कार्यक्रम करा, आनंद आहे, फक्त भोंगे नसतील तर बरं. योगितानं उलट निरोप धाडला, ‘‘भोंगे आधी येतील, आम्ही मागून.’’

संदीपचा फोन आला तेव्हा ती वायरला डाग देत होती. ‘‘अक्का, बाळाचार्यांशी भांडणाची स्टोरी जबरदस्त आहे. फोनवर अर्धा तास द्या.’’

‘‘भांडण नाही. वाजवणं लिहायचं असेल तर या. इथं बसून ऐका.’’

‘‘बंगळुरूहून?’’

‘‘रेल्वे आहे.’’

तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण तो आला. रविवारी दुपारी गोदामात, पत्र्याच्या खुर्चीवर, बॅग मांडीवर घेऊन बसला. कसा कुणास ठाऊक, संकोचून, पहिल्या लेखाबद्दल काहीतरी पुटपुटला. योगितानं ते ऐकून घेतलं, ठीक आहे असं मात्र म्हटलं नाही. भोंगे तिघांच्या बाजूला तोंड करून होते. तिनं त्यातला एक उचलून संदीपच्या समोर ठेवला.

संदीपनं खिशातून कापसाचे बोळे काढून हळूच कानांत घातले.

हणमंत हलगी ओली करत होता. त्यानं वर पाहिलं. ‘‘अण्णा,’’ तो म्हणाला, ‘‘कापूस काढा.’’

संदीपनं तिघांकडं पाहिलं. मग एक बोळा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही मुठीत धरून बसला. योगितानं बटण दाबलं.